टेकआउट काउंटरवरची टिपची स्क्रीन: अमेरिकेत पार्सल नेताना टिप द्यायची का, किती, आणि ती जाते कुठे

एडिसनला ओक ट्री रोडवर वडापाव घ्या, ह्यूस्टनला बिर्याणी घ्या किंवा फ्रीमाँटला डोसा. पैसे देताना काउंटरवरचा माणूस छोटी स्क्रीन तुमच्याकडे वळवतो आणि तिच्यावर १८, २०, २५ टक्के असे चौकोन दिसतात. टेबलावर कोणी वाढलेलं नसतं, पाणी भरलेलं नसतं, ताटं उचलायची नसतात. तरी आकडे मात्र टेबलाचेच. या परीक्षणाचा विषय ती स्क्रीन आणि तिच्यामागची व्यवस्था हा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पैसे घेण्याचं यंत्र म्हणून ती उत्तम आहे, पण टिप किती द्यावी हे तिच्यावरून ठरवू नये. साधं पार्सल उचलून नेताना टिप देणं बंधनकारक नाही. त्या पार्सलसाठी कोणी जादा काम केलं असेल तर जरूर द्यावी, आणि शक्यतो टक्क्यांत नव्हे तर डॉलरमध्ये मोजून द्यावी. घरपोच आणून देणाऱ्याचा हिशोब पूर्ण वेगळा. तिथे हात आखडता घेऊ नये.

स्क्रीन नेमकी कशी चालते

टोस्ट, स्क्वेअर, क्लोव्हर ही अशी यंत्रं पुरवणाऱ्या कंपन्यांची नावं तुम्ही यंत्रावर किंवा पावतीवर पाहिली असतील. त्यावर दिसणारे टक्के कोणत्या सरकारी नियमातून आलेले नाहीत. दुकानाचा मालक ते सेटिंगमध्ये भरतो, किंवा यंत्रासोबत आलेले तसेच ठेवतो. स्क्वेअरमध्ये एक तयार सोय आहे: बिल दहा डॉलरच्या आत असेल तर १, २, ३ डॉलर असे चौकोन येतात आणि त्यावर गेलं की १५, २०, २५ टक्के. याचा परिणाम छोट्या बिलावर बघा. चार डॉलरच्या चहावर सगळ्यात लहान चौकोन दाबला तरी टिप २५ टक्के झाली, मधला दाबला तर ५०. माणूस "एकच तर डॉलर" म्हणून दाबतो, आणि कामाच्या दिवसांच्या चहाला ती सवय लागली की महिन्याला वीस-बावीस डॉलर जातात. द्यायचे असतील तर खुशाल द्यावेत, पण ठरवून.

दुसरी गोष्ट कराची. टक्के कर धरून काढायचे की कर सोडून, हेही मालकाचंच सेटिंग असतं. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि तयार जेवणाला तो लागतो. ४८ डॉलरच्या पार्सलवर कर ३.१८, एकूण ५१.१८. वीस टक्के कर धरून काढले तर १०.२४, कर सोडून ९.६०. फरक ६४ सेंटचा, म्हणजे एका बिलात नगण्य; पण टिप कामाची असते, कराची नव्हे, म्हणून मूळ रकमेवरच काढणं योग्य.

प्रत्यक्षात चुका होतात त्या तीन ठिकाणी. पहिली "कस्टम"च्या, म्हणजे रक्कम स्वतः भरायच्या, बटणावर. काही यंत्रांवर आकडे सेंटपासून भरत येतात: ३ दाबलं की ०.०३ दिसतं, तीन डॉलरसाठी ३०० दाबावं लागतं. काहींवर ३ म्हणजे तीन डॉलरच. त्यामुळे शेवटची मान्यता देण्याआधी खालची एकूण रक्कम वाचायची, दर वेळी. दुसरी चूक दुबार टिपेची. ऑनलाइन ऑर्डर देताना टिप भरलेली असते आणि उचलायला गेल्यावर सहीसाठी पावती पुढे येते, तिच्यावर पुन्हा टिपची रिकामी ओळ. त्या ओळीवर रेघ मारा आणि एकूण रकमेच्या जागी छापलेलाच आकडा लिहा; नुसती सही करून ओळ मोकळी सोडू नका. तिसरी चूक म्हणजे बिलात आधीच धरलेलं सेवाशुल्क न पाहता त्यावर टिप देणं. त्याबद्दल पुढे.

टेबलाचे टक्के पार्सलला का लागू होत नाहीत

टेबलावरच्या जेवणाला १५ ते २० टक्के हा अमेरिकेतला रुळलेला रिवाज आहे आणि तो मोडू नये. पार्सलबद्दल मात्र असा रिवाज कधी पक्का झालाच नाही. शिष्टाचाराच्या बाबतीत तिथे प्रमाण मानली जाणारी एमिली पोस्ट संस्था सांगते की टेकआउटवर टिपेचं बंधन नाही. गाडीपर्यंत आणून दिलं किंवा ऑर्डर मोठी, गुंतागुंतीची असली तर दहा टक्के द्यावेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत टेबलावर जेवल्यावर नेहमी किंवा बहुतेक वेळा टिप देणारे ९२ टक्के होते, घरपोच जेवणावर ७६ टक्के, कॉफीवर २५ आणि जिथे वेटर नसतो अशा काउंटरच्या जेवणावर फक्त १२. म्हणजे "नो टिप" दाबणारा माणूस तिथला रिवाज मोडत नसतो.

याहून बोलकी गोष्ट करखात्याची आहे. मोठ्या रेस्टॉरंटांना दरवर्षी फॉर्म ८०२७ भरून विक्री आणि नोंदवलेल्या टिपा कळवाव्या लागतात. नोंदवलेल्या टिपा विक्रीच्या ८ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर उरलेली रक्कम कर्मचाऱ्यांच्या नावे वाटून दाखवावी लागते. या हिशोबातून पार्सलची विक्री वगळलेली आहे. टिपेवर बारीक नजर ठेवणारं खातंही पार्सलवर टिप मिळालीच असेल असं धरत नाही.

पगाराचा प्रश्न, आणि राज्याराज्यांतला फरक

"त्यांचा पगार टिपेवरच असतो" हे वाक्य तिथे गेल्यावर पहिल्या आठवड्यात कानावर पडतं. ते काही राज्यांत बरंचसं खरं, काहींत अजिबात खरं नाही, आणि पार्सलवरची टिप ठरवताना सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्यांना नेहमी टिपा मिळतात (महिन्याला ३० डॉलरपेक्षा जास्त, एवढीच अट) त्यांना मालक रोख २.१३ डॉलर देऊ शकतो. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. उरलेले ५.१२ डॉलर टिपांतून भरून निघतात असं धरलं जातं. नाही निघाले तर फरक मालकाने भरायचा, हा कायदा आहे. पाळला जातो की नाही हे दुकानावर अवलंबून. टेक्सासमध्ये हेच केंद्रीय आकडे चालतात. न्यू जर्सीत २०२५ साली बहुतेक दुकानांसाठी किमान वेतन १५.४९ होतं आणि टिप मिळवणाऱ्यांना मालकाने रोख द्यायचे किमान ५.६२. कॅलिफोर्नियात मात्र ही सवलत मालकाला नाहीच: २०२५ साली १६.५० डॉलर, टिप मिळो न मिळो. देशभर ६० किंवा जास्त शाखा असलेल्या फास्टफूड साखळ्यांना तिथे १ एप्रिल २०२४ पासून तासाला २० डॉलर द्यावे लागतात. वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मिनेसोटा, माँटाना आणि अलास्का या राज्यांतही टिपेच्या नावाखाली पगार कापता येत नाही.

आता याचा पार्सलशी संबंध कसा, ते नीट पाहायला हवं. प्रश्न एवढाच विचारायचा: तुमची पिशवी भरणारा माणूस कोणत्या पगारावर उभा आहे? नुसतं काउंटर असलेल्या दुकानात, जिथे टेबलसेवा नाही, तिथला कॅशियर बहुधा पूर्ण किमान वेतनावर असतो. तिथे टिप म्हणजे निव्वळ खुशी. पण टेबलं असलेल्या रेस्टॉरंटात पार्सल बांधण्याचं काम पुष्कळदा बारवरच्या माणसाकडे किंवा वेटरकडे असतं, आणि टेक्सासमध्ये तो त्या वेळी २.१३ वर उभा असू शकतो. शुक्रवारी संध्याकाळी तुमचं सहा डब्यांचं पार्सल भरण्यात दहा मिनिटं गेली, तर तेवढा वेळ त्याच्या टेबलांकडे दुर्लक्ष झालं आणि तिथली टिप घटली.

त्यात आणखी एक पेच आहे, तो बाहेरच्यांना दिसत नाही. बऱ्याच ठिकाणी वेटरला आपल्या टिपांतला वाटा ताटं उचलणाऱ्यांना आणि बारला द्यावा लागतो, आणि तो वाटा काही ठिकाणी त्याच्या नावावर झालेल्या एकूण विक्रीच्या टक्क्यांत ठरतो. पार्सलचं बिल त्याच्या नावावर नोंदलं गेलं आणि त्यावर टिप शून्य असली, तरी वाटा त्या विक्रीवरही निघतो, म्हणजे त्याच्या खिशातून जातो. म्हणूनच टेबलसेवेच्या रेस्टॉरंटातून, टिपेवर पगार कापणाऱ्या राज्यात पार्सल नेत असाल तर "नो टिप" दाबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन ते पाच डॉलर किंवा दहा टक्के, जे तुम्हाला झेपेल ते द्यावं. कॅलिफोर्नियात त्याच पार्सलवर शून्य दिलं तरी त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

ती रक्कम कोणाला मिळते

२०१८ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर मालक, मॅनेजर आणि सुपरवायझर यांना कर्मचाऱ्यांच्या टिपांतला वाटा घेता येत नाही, मग पगार पूर्ण दिलेला असला तरी. काउंटरवरच्या टिपच्या बरणीतली रोख आणि स्क्रीनवरची टिप, दोन्हींना हाच नियम. मॅनेजरने एखाद्या गिऱ्हाइकाचं काम पूर्णपणे एकट्याने केलं असेल आणि टिप थेट त्यालाच दिली असेल, तेवढीच तो ठेवू शकतो. स्वयंपाकघरातल्या लोकांना वाटा देता येतो, पण मालक सगळ्यांना पूर्ण किमान वेतन देत असेल आणि पगार कापण्याची सवलत घेत नसेल तरच.

आपल्या लोकांच्या छोट्या दुकानांत गल्ल्यावर बहुधा मालक किंवा मालकीणबाई स्वतः असतात, आणि आत दोन-तीन माणसं तवा, तळण आणि पॅकिंग सांभाळतात. तिथे स्क्रीनवरची टिप आतपर्यंत पोचते का हे विचारायला काही हरकत नाही. "दादा, ही टिप आतल्या लोकांना मिळते ना?" एवढं मोकळेपणाने विचारावं. सरळ उत्तर मिळालं तर निर्धास्त द्या. उत्तर गुळमुळीत आलं तर पार्सल ज्याने हातात दिलं त्याच्याकडे रोख द्या. कार्डावरच्या टिपेतून कार्ड कंपनीचं शुल्क त्या प्रमाणात कापायला केंद्रीय नियम परवानगी देतो; कॅलिफोर्नियात तेही चालत नाही, टिप पूर्णच्या पूर्ण द्यावी लागते, तीही त्यानंतरच्या पगाराच्या दिवसापर्यंत.

सेवाशुल्क म्हणजे टिप नव्हे

बिलावर "सर्व्हिस चार्ज", "किचन फी", "कन्व्हीनियन्स फी", "पॅकेजिंग" अशा ओळी दिसल्या तर थांबा. करखात्याच्या २०१२ च्या निवाड्यानुसार (क्रमांक २०१२-१८) टिप ठरायला चार गोष्टी लागतात: देणं ऐच्छिक हवं, रक्कम गिऱ्हाइकाने ठरवलेली हवी, ती वाटाघाटीतून किंवा मालकाच्या धोरणातून आलेली नसावी, आणि कोणाला द्यायची हे सर्वसाधारणपणे गिऱ्हाइकाच्या हाती असावं. आपोआप लावलेले १८ टक्के या कसोटीत बसत नाहीत. कराच्या हिशोबात ते दुकानाचं उत्पन्न. त्यातलं कर्मचाऱ्यांना किती द्यायचं हे मालक ठरवतो. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपांवर २५,००० डॉलरपर्यंत आयकरात जी वजावट मिळू लागली आहे, तीही ऐच्छिक टिपांनाच लागू आहे, सक्तीच्या शुल्काला नाही.

भारतातून नव्याने आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला आपोआप सेवाशुल्क लावायला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. तोच हक्क इथे सांगायला गेलं तर चालत नाही. अमेरिकेत आधी जाहीर केलेलं शुल्क सहसा द्यावंच लागतं. ते भरायचं आणि पार्सल असेल तर त्यावर वेगळी टिप द्यायची नाही, हा साधा मार्ग.

कोणतं काम टिप देण्याजोगं

चांगलं पार्सल बांधणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते ओळखता यायला हवं. डोसा गरम असताना घट्ट बंद केला की वाफेने मऊ पडतो. जाणकार माणूस तो कागदात सैल गुंडाळतो आणि डब्याच्या झाकणाला फट ठेवतो. वडे आणि भजी फोमच्या बंद डब्यात दहा मिनिटांत नरम होतात, त्यांना भोकं असलेला पुठ्ठ्याचा डबा किंवा कागदी पिशवीच हवी. मिसळीत फरसाण, कट, कांदा आणि लिंबू वेगळे आले तरच घरी ती मिसळ राहते, नाहीतर लगदा. सांबाराचा डबा झाकणापर्यंत भरला तर गाडीत सांडणार. बोटभर जागा सोडून, झाकणाला पट्टी लावून, उभा राहील असा पिशवीच्या तळाशी ठेवला असेल तर बांधणाऱ्याने मन लावून काम केलंय. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली असेल आणि तो डबा वेगळ्या पिशवीत, वर लिहून आला असेल, तर त्या कामाला पाच डॉलरही कमीच.

पावसात किंवा बर्फात गाडीपर्यंत आणून दिलं, दहापेक्षा जास्त पदार्थ होते, प्रत्येक डब्यावर नाव लिहायला सांगितलं होतं, बंद होण्याच्या वेळेला ऑर्डर दिली, ऐन वेळी बदल केले: या सगळ्याला दोन ते दहा डॉलर, कामाच्या मानाने. तयार पिशवी फळीवरून तुम्हीच उचलली, तर काही नाही. काउंटर सोडण्याआधी डबे मोजून घ्या. चटणी राहिली तर तिथेच मिळते, घरी गेल्यावर फोन करून मिळत नाही.

घरपोच मागवताना

इथे वरचे सगळे निकष बाजूला ठेवायचे. ॲपवरची "डिलिव्हरी फी" आणि "सर्व्हिस फी" या ओळी म्हणजे चालकाची टिप नव्हे. डोमिनोजसारख्या, स्वतःचे चालक ठेवणाऱ्या साखळीच्या खोक्यावरही डिलिव्हरीचं शुल्क चालकाची टिप नाही असं छापलेलं असतं. डोअरडॅश हे घरपोच जेवणाचं ॲप चालकाचा मूळ मोबदला ऑर्डरमागे २ डॉलरपासून १० आणि पुढे असा सांगतं. गाडी, पेट्रोल, विमा चालकाचा. ऑर्डर घेण्याआधी त्याला अंदाजे एकूण रक्कम दिसते, त्यामुळे टिप नसलेली ऑर्डर एकामागून एक चालक नाकारतात आणि जेवण काउंटरवर गार होत पडतं. म्हणून डोअरडॅशवर आधी टिप न भरल्यास वेळ लागू शकतो अशी सूचनाही २०२३ पासून दिसू लागली. याच कंपनीने २०१७ ते २०१९ या काळात टिपा मूळ मोबदल्यात वळत्या केल्या, आणि त्याबद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलशी १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली. आता टिप मोबदल्याच्या वर मिळते.

जवळच्या छोट्या ऑर्डरला किमान चार-पाच डॉलर, अंतर जास्त किंवा पिशव्या जड असल्या तर १५ टक्के, वादळात त्याहून जास्त. न्यूयॉर्क शहरात ॲपच्या चालकांना एप्रिल २०२५ पासून तासाला किमान २१.४४ डॉलर देणं बंधनकारक झालं आणि कॅलिफोर्नियात ऑर्डरवर असलेल्या वेळेपुरती किमान वेतनाच्या १२० टक्क्यांची हमी आहे. तिथे टिप थोडी कमी असली तरी चालेल, शून्य नको. पदार्थ राहिला तर चूक बहुतेक वेळा दुकानाची असते, कारण चालकाने सीलबंद पिशवी उघडायची नसते. तक्रार ॲपवर करा, त्याची टिप कापू नका. आणि ॲपवरून "पिकअप" निवडला असेल तर टिपचा रकाना दुकानासाठी असतो, चालकासाठी नाही. तिथे काउंटरचेच नियम.

गणपतीचे ट्रे

मंडळाच्या महाप्रसादाला किंवा घरच्या सत्यनारायणाला ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये जेवण मागवलं जातं, तेव्हा रक्कम हजारात जाते आणि टक्के फसवे ठरतात. १,२०० डॉलरवर वीस टक्के म्हणजे २४०, आणि काम कदाचित दोन माणसांनी व्हॅनमधून बारा ट्रे आत आणण्याएवढंच. आधी केटररच्या कोटेशनमध्ये "ग्रॅच्युइटी" (इथे अर्थ टिप) किंवा सेवाशुल्क धरलंय का ते लेखी विचारा, आणि धरलं असेल तर त्यातलं किती माणसांना जातं तेही. धरलं नसेल तर माणशी हिशोब करा: ट्रे नुसते दारात ठेवले तर प्रत्येकी दहा, जिना चढून हॉलमध्ये मांडले, गरम ठेवायच्या स्टँडखाली इंधनाचे डबे पेटवून दिले तर प्रत्येकी वीस ते तीस, आणि थांबून वाढायला मदत केली तर त्याहून वर. तुम्हीच दुकानातून ट्रे उचलून आणलात, पण आतल्या लोकांनी पहाटे उठून दीडशे पुरणपोळ्या केल्या असतील, तर स्वयंपाकघरासाठी चाळीस-पन्नास डॉलर वेगळे द्या. ही रक्कम खजिनदाराने अंदाजपत्रकातच धरून ठेवावी आणि आरतीच्या गडबडीआधी सुटे पैसे पाकिटात घालून, ट्रे उतरवून घेणाऱ्या स्वयंसेवकाकडे द्यावेत. माणसं ट्रे ठेवून पाच मिनिटांत निघून जातात, आणि नंतर कार्डावर भरलेली टिप त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही.